नाशिकमध्ये घरासाठी जनरेटर घेताना: आधी यादी, मग जागा, मग मशीन

मे संपत आला की आपल्याकडे दुपारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, कुठंतरी फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. कॉलेज रोडला तासाभरात येईलही, पण कडेच्या नव्या वस्त्यांमध्ये, मळ्यात बांधलेल्या बंगल्यांमध्ये, गिरणारे, आडगाव या बाजूला लाईन लांबून आलेली असते आणि फॉल्ट सापडेपर्यंत अख्खी रात्र जाऊ शकते. मग दुसऱ्या दिवशी माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, घरासाठी एक जनरेटर दाखवा. दुकानदार विचारतो, किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा? आणि इथंच गाडी अडते. त्या प्रश्नाचं उत्तर खिशात घेऊन दुकानात जाता यावं म्हणून हे लिहितोय. ज्यांनी जनरेटरची दोरी कधीच ओढलेली नाही त्यांच्यासाठी आहे, जाणकारांना काही भाग माहितीचा वाटेल, तो सोडून पुढे जा.

आधी ठरवा, जनरेटर लागतो का

लाईट जाऊन दोन-तीन तासांत येत असेल तर जनरेटर घेऊ नका, इन्व्हर्टर-बॅटरी पुरते. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर यावर तीन पंखे, चार-पाच एलईडी आणि वायफाय तीनेक तास आरामात चालतं, बॅटरी नवी असेल तर जरा जास्तच. आवाज नाही, धूर नाही, म्हाताऱ्या माणसालाही काही करायला लागत नाही. जनरेटर लागतो तो चार कारणांसाठी: लाईट सात-आठ तास किंवा रात्रभर जाते, पाणी बोअरवर किंवा हौदातून मोटरने चढवावं लागतं, फ्रिजमध्ये औषधं आहेत, किंवा घरात कुणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वगैरे मशीन लावलेलं आहे. यातलं एकही नसेल तर पैसे वाचवा.

आणि हो, गच्चीवर सोलर बसवलंय म्हणून लाईट गेल्यावर घर चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. पीएम सूर्यघर योजनेत बहुतेकांनी बसवलंय ते ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर, ते लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. हा बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं असतं, कारण वर खांबावर लाईनमन काम करत असताना तुमच्या गच्चीवरून तारेत करंट जायला नको. बॅटरीवालं हायब्रीड सोलर असेल तर गोष्ट वेगळी. ऑन-ग्रिडवाल्यांसाठी जनरेटर जोडताना एक मोठी काळजी आहे, ती खाली वायरिंगच्या भागात सांगतो.

वैद्यकीय मशीनबद्दल इथंच सांगून टाकतो कारण यात चूक परवडत नाही. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ४०० वॅट घेतो, म्हणजे लोड फार नाही, पण लाईट गेल्यापासून जनरेटर बाहेर जाऊन सुरू करेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, रात्री पावसात अजून जास्त. त्यामुळे मशीन इन्व्हर्टरवरच ठेवायचं आणि जनरेटरने तो इन्व्हर्टर चार्ज करायचा. शिवाय एक भरलेला ऑक्सिजन सिलेंडर घरात हवाच, त्याला दुसरा पर्याय नाही.

यादी करा, कागदावर

हे काम कंटाळवाणं आहे पण सगळा हिशोब यावर उभा आहे म्हणून मी यावर जरा जास्त बोलणार आहे.

घरात फिरा आणि लाईट गेल्यावर जे चालायलाच पाहिजे तेवढंच लिहा. वीजबिलावर 'मंजूर भार' म्हणून जो आकडा असतो तो बघून जनरेटर घेऊ नका, त्यात गिझर, इस्त्री, एसी सगळं धरलेलं असतं. गिझर २००० वॅट, इंडक्शन २००० वॅट, इस्त्री १००० वॅट, ही सगळी गरम करणारी मंडळी यादीतून सरळ काढून टाका, अंघोळीचं पाणी गॅसवर तापतं. एसीचंही तेच, आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा रात्री उशिरा हवा सुटते, एसीसाठी जनरेटरची साइज दुप्पट करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

मग उरतं काय? समजा पाथर्डी फाट्याकडचं एक रो-हाऊस आहे. चार पंखे, साधे असतील तर प्रत्येकी ७५ वॅट म्हणजे ३००, कमी वीज खाणारे बीएलडीसी असतील तर एकेक ३० वॅटच घेतो. आठ एलईडी बल्ब ९ वॅटचे, म्हणजे ७२. फ्रिज चालू असताना १५०. टीव्ही आणि राउटर मिळून ११०. मोबाइल, लॅपटॉपचे चार्जर ७० धरा. बेरीज झाली ७०० च्या आसपास. एवढ्यावर थांबलात तर हा आकडा फार लहान वाटतो, आणि इथेच माणूस फसतो.

कारण मोटर असलेली कुठलीही वस्तू सुरू होताना एक क्षण कितीतरी पट करंट ओढते. फ्रिजचा कॉम्प्रेसर १५० वर चालतो पण सुरू होताना ६००-७०० मागतो (इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर हा झटका जवळजवळ नसतो). आणि खरा राक्षस म्हणजे पाण्याची मोटर. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट असं शाळेत शिकवतात, पण ते मोटरने बाहेर दिलेलं काम झालं, ती लाईनमधून ओढते १००० च्या वर, आणि सुरू होताना हिशोबाला किमान तिप्पट धरायची, बोअरमधली सबमर्सिबल असेल तर चौपट. महावितरणची लाईन हा झटका मुकाट्याने सोसते म्हणून आपल्याला कधी कळत नाही, फक्त बल्ब क्षणभर मिणमिणतो. लहान जनरेटरवर तेच केलं की इंजिनाचा आवाज खोल जातो, व्होल्टेज २३० वरून धाडकन खाली येतं, मोटर नुसती हुंकारते पण फिरत नाही, आणि दहा-पंधरा सेकंदात एकतर ब्रेकर पडतो नाहीतर मोटरची वाइंडिंग तापते.

म्हणून त्या रो-हाऊसचा हिशोब असा होतो. मोटर यादीत नसेल तर चालू लोड ७००, फ्रिजच्या झटक्यासकट १३००. मोटर धरली तर ७०० अधिक ३०००, म्हणजे ३७००. आता मधला मार्ग: मोटर चालवायची तेव्हा बाकी सगळं बंद ठेवायचं, टाकी भरून घ्यायची, मग मोटर बंद करून घर चालू करायचं. मग ३००० वर भागतं. दिवसातून एकदा अर्धा तास एवढी शिस्त पाळता येत असेल तर हा मार्ग सगळ्यात चांगला, मशीन लहान येतं, पेट्रोल कमी जातं.

यावर अजून एक गोष्ट चढवायची जी कंपनीच्या पत्रकात ठळक लिहिलेली नसते. इंजिनाची ताकद समुद्रसपाटीला मोजलेली असते, वर गेलं की हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद घटते. नाशिक ६०० मीटरच्या आसपास आहे, त्र्यंबकेश्वर त्याहून वर. त्यात मे महिन्यातली ४० डिग्री. दोन्ही मिळून दहा टक्के कमी मिळणार असं धरून चला. म्हणजे १३०० चे झाले १४५०, ३००० चे ३३००, आणि ३७०० चे ४१००. मुंबईतल्या भाच्याने सुचवलेलं मॉडेल त्याच्याकडे चालतं म्हणून आपल्याकडे त्याच लोडवर चालेलच असं नाही.

तर या घराला: मोटर नको असेल तर २ केव्हीएचा, मोटर एकटी चालवणार असाल तर साडेतीनचा, सगळं एकदम हवं असेल तर ५ च्या वर्गातला. बघा एका मोटरने किती फरक पडला. तुमची यादी वेगळी असेल, पण रीत हीच.

मशीनवर दोन आकडे असतात, रेटेड आणि मॅक्सिमम. मॅक्सिमम म्हणजे थोडा वेळ देऊ शकेल तेवढं, मोटरचा झटका त्यात बसला पाहिजे. सतत चालणारा लोड रेटेडच्या पाऊण हिश्श्यात राहिला पाहिजे. दुकानात मोठा आकडा ओरडून सांगतात, तुम्ही रेटेड विचारा. आणि केव्हीए व किलोवॅट एक नाही, डीझेल सेटवर साधारण ०.८ ने गुणायचं, म्हणजे ५ केव्हीएचा सेट ४ किलोवॅट देतो.

जागा

यादीनंतर जागा, मशीनच्या आधी. जागाच नसेल तर विषय संपला, फ्लॅटमध्ये बाल्कनीत जनरेटर ठेवायचा विचार करत असाल तर कृपया करू नका. हे मी हात जोडून सांगतोय. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला डोकं जड झाल्यासारखं वाटतं, झोप येते, आणि तो उठत नाही. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, यानं धोका टळत नाही. बाल्कनी, बंद पार्किंग, जिन्याखाली, डक्टमध्ये, पोर्चला शटर असेल तिथे, कुठेच नाही. घराच्या दारं-खिडक्यांपासून वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट बाजूला आणि शेजारच्यांच्या खिडकीकडेही नाही. वारा कुठून येतो तेही बघा, पावसाळ्यात आपल्याकडे तो पश्चिमेकडून असतो, त्यामुळे घराच्या पश्चिमेला जनरेटर ठेवला तर धूर घरातच येणार. बेडरूममध्ये बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा, ऑनलाइन मिळतो, जनरेटरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

वर पत्र्याचं छप्पर, बाजू उघड्या, खाली सिमेंटचा ओटा किमान सहा इंच उंच. आपला जुलै-ऑगस्टचा पाऊस आडवा येतो म्हणून छप्पर चारी बाजूंनी जरा बाहेर काढा. चालू मशीनवर ताडपत्री टाकायची नाही, ती वितळते आणि पेटते. पंचवटी, गोदाकाठ, सराफ बाजार, तिकडच्या खोलगट भागातल्या लोकांनी ओट्याची उंची पुराच्या हिशोबाने ठरवा. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आपल्या गल्लीत किती येतं हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं, त्यांना विचारा.

आवाजाचं पण बघायचं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आहे, आणि डीझेलचा तथाकथित सायलेंट सेट सुद्धा एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत असू शकतो, सायलेंट नाव आहे म्हणून तो गप्प बसत नाही. घेण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा, जमलं तर त्यांना एखादी फ्रिजची लाईन देता येते का बघा, खूप गोष्टी सोप्या होतात.

आता मशीन: पेट्रोल, डीझेल, गॅस

बहुतेक घरांना पेट्रोलच. ५ केव्हीएच्या आत, वर्षातून मोजके दिवस चालणारा, उचलून ठेवता येणारा. यात दोन जाती. एक साधा फ्रेमवाला, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) असलेला, स्वस्त, आवाज जास्त. दुसरा इन्व्हर्टर जनरेटर, म्हणजे बंद सुटकेससारखा, लोड कमी झाला की इंजिन आपोआप हळू होतं, पेट्रोल वाचतं, आवाज कमी आणि करंट अगदी स्वच्छ, लॅपटॉप-टीव्ही-कॉन्सन्ट्रेटर बिनधास्त लावा. पण किंमत बरीच जास्त आणि मोटरचा झटका साध्यापेक्षा कमी सोसतो. माझं मत विचाराल तर मोटर चालवायची असेल तर साधा एव्हीआरवाला, मोटर नसेल आणि घरात काम करणारी मुलं असतील तर इन्व्हर्टरवाला. एव्हीआर नसलेला मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी नको, व्होल्टेज वरखाली झालं की पहिला बळी टीव्हीचा.

डीझेल कधी? रोज दोन-चार तास चालवायचा असेल, घर मोठं असेल, सोसायटीची लिफ्ट आणि पंप असेल, किंवा मळ्यात तीन फेजची मोटर असेल तेव्हा. इंधन कमी लागतं, इंजिन वर्षानुवर्षं टिकतं. किर्लोस्कर, महिंद्रा पॉवरॉल, कमिन्स ही नावं आपल्याला माहितीच आहेत आणि सुटे भाग मिळायला अडचण येत नाही. किंमत लाखांत जाते. पण डीझेलची एक खोड आहे, त्याला भूक मोठी लागते. १० केव्हीएचा सेट घेऊन त्यावर दोन पंखे आणि फ्रिज चालवला तर डीझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळं चिकट तेल ओघळायला लागतं आणि इंजिन आतून माखतं. निदान तीस टक्के लोड पाहिजे, पन्नासच्या वर असेल तर उत्तम. म्हणून 'पुढेमागे लागेल' म्हणून मोठा डीझेल सेट घेणं हा खर्चही वाया आणि मशीनही वाया. धुराचं नळकांडं इमारतीच्या उंचीच्या वर न्यावं लागतं, ते किती वर याचं सूत्रच आहे: केव्हीएचं वर्गमूळ गुणिले ०.२ मीटर, म्हणजे १० केव्हीएला साधारण दोन फूट. नवीन सेट घेताना तो १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार-प्लस नियमांचा आहे ना, आणि तसं सर्टिफिकेट मिळतं ना, ते कागदावर बघा. जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे खास बघावं.

गॅसवर चालणारेही येतात, सिलेंडरवर किंवा पाइप गॅसवर. धूर कमी, इंधन शिळं होत नाही. घरात पाइपलाइन असेल तर विचार करण्यासारखं आहे पण ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी मिळते, आणि जोडणी गॅस कंपनीच्या माणसाकडूनच. पेट्रोलच्या मशीनला बाहेरून किट लावून घरचा लाल सिलेंडर जोडायचा उद्योग कुणी सुचवला तर नाही म्हणा.

खर्चाचा अंदाज: पेट्रोलच्या लहान मशीनला एक युनिट बनवायला साधारण अर्धा लिटर लागतं, पेट्रोल शंभरीच्या पुढे, म्हणजे युनिट पन्नास रुपयांच्या वर. डीझेलचं तीसेक रुपये. महावितरणच्या बिलाशी तुलनाच करू नका, हे अडीनडीचं साधन आहे. म्हणूनच सगळ्यात फायद्याची रचना म्हणजे इन्व्हर्टर आणि जनरेटर दोन्ही: संध्याकाळी दोन तास जनरेटर चालवायचा, तेवढ्यात टाकी भरते, फ्रिज गार होतो, बॅटरी बरीचशी चार्ज होते, आणि मग रात्र बॅटरीवर शांत काढायची. बॅटरी चार्जिंगला २००-३०० वॅट यादीत वाढवा. आणि इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस-नॉर्मल असं बटण असतं, जनरेटरवर चार्ज करताना ते नॉर्मलवर ठेवा, यूपीएसवर असेल तर जनरेटरचं जरासं हलतं व्होल्टेज इन्व्हर्टर घेतच नाही आणि लोकांना वाटतं जनरेटर खराब आहे.

जोडणी: इथे जुगाड नाही

दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर करून जनरेटरचा करंट भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडणारे लोक मी बघितलेत. हे करू नका आणि करणाऱ्याला थांबवा. तो करंट मेन बोर्डातून उलटा बाहेर जातो, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून हजारो व्होल्टचा होतो, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाईनमन जातो. तुमच्यासाठी भर पावसात वर चढलेला माणूस. शिवाय लाईट परत आली की दोन करंट समोरासमोर येऊन जनरेटर जळतो.

यासाठी चेंजओव्हर स्विच बसवायचा. मीटर आणि घराचा बोर्ड यांच्या मध्ये बसतो, हँडल वर केलं की महावितरण, खाली केलं की जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. सिंगल फेजला दोन पोलचा, तीन फेजला चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलसुद्धा तुटला पाहिजे, नुसता फेज तोडणारा स्वस्तातला नको. सगळं घर जोडण्यापेक्षा यादीतल्या सर्किटचा एक वेगळा छोटा बोर्ड करून तेवढाच चेंजओव्हरवर घेतला तर गिझर चुकून चालू राहायची भीतीच नाही, मला हीच पद्धत आवडते.

ऑन-ग्रिड सोलरवाल्यांनी इलेक्ट्रिशियनला पहिल्यांदा हेच सांगा: सोलरची लाईन चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूलाच राहिली पाहिजे. ती घराच्या बाजूला राहिली तर सोलर इन्व्हर्टर जनरेटरलाच लाईन समजून सुरू होऊ शकतो आणि जास्तीचा करंट जनरेटरमध्ये ढकलतो, मग दोन्हीपैकी एक जातो.

घरात तीन फेज मीटर आहे आणि जनरेटर सिंगल फेज, हे बंगल्यांमध्ये नेहमीचं. जनरेटरच्या बाजूला तिन्ही फेज जोडून एकच फेज सगळीकडे देतात, चालतं, पण मग तिन्हीचा करंट एकाच न्यूट्रलमधून परत येतो, त्यामुळे न्यूट्रलची वायर तेवढी जाड आहे का ते तपासून घ्या. आणि तीन फेजची मोटर यावर फिरणार नाही, तिचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडूनच ठेवायचा.

अर्थिंग वेगळं करून घ्या. काळी माती असेल तिथं सोपं जातं, पण मुरूम आणि खडक लागतो तिथे मे महिन्यात खड्डा कोरडा पडून अर्थिंग नावालाच उरतं. इलेक्ट्रिशियनला अर्थ टेस्टर लावून रीडिंग दाखवायला सांगा. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर हेही विचारा की जनरेटरचा न्यूट्रल अर्थला बांधलाय का, कारण लहान जनरेटरचा न्यूट्रल बरेचदा मोकळाच असतो आणि मग शॉक लागला तरी आरसीसीबी पडत नाही. हे सगळं लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करा, मोठा डीझेल सेट असेल तर विद्युत निरीक्षक कार्यालयाचे कागदही तोच सांगेल.

पेट्रोल आणि देखभाल

परवान्याशिवाय घरी जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येतं, पण तेवढं ठेवूच नका, धातूच्या कॅनमध्ये पाच-दहा लिटर, घराबाहेर, सावलीत, पुरे. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पेट्रोल दोन-तीन महिन्यांत शिळं होतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतं. 'जनरेटर पडून राहिला आणि ऐन वेळी सुरूच होईना' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. उपाय सोपा आहे: काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन तसंच चालू ठेवा, कार्बोरेटरमधलं संपलं की ते आपणच बंद पडेल. फार दिवस ठेवायचा असेल तर कार्बोरेटरच्या वाटीखाली एक छोटा ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून उरलेले थेंब वेगळ्या भांड्यात काढा, टाकी रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरमध्ये घाला. गरम इंजिनात पेट्रोल भरायचं नाही, आधी पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, अंधारात भरताना टॉर्च वापरा, मेणबत्ती नको.

ऑइल पहिल्यांदा २० तासांनी बदलायचं, नंतर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. नव्या मशीनमध्ये बरेचदा ऑइल नसतंच, घरी आणल्यावर आधी ते भरायचं. महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालवा आणि नुसता नको, पंखे-फ्रिजचा लोड देऊन. मे लागायच्या आधी एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बघून घ्या.

घेताना, आणि पहिल्या दिवशी

दोन-तीन ठिकाणाहून जीएसटीसकट लेखी भाव घ्या. सर्व्हिस सेंटर नाशिकमध्येच आहे का, माणूस घरी येतो का, एव्हीआर आणि कार्बोरेटर इथे मिळतो का, हे विचारा. अनोळखी नावाचं मशीन ऑनलाइन स्वस्त दिसतं पण सुटा भाग आला नाही तर ते लोखंडच.

डिलिव्हरीच्या दिवशी पावती फाडण्याआधी तुमच्याच घरी, तुमच्याच मोटरवर ट्रायल द्यायला लावा. चेंजओव्हर मध्ये बंद, घराचे सगळे एमसीबी खाली. पेट्रोल कॉक उघडा, चोक ओढा, दोरी आधी हळू ओढून कुठं अडते ते बघा आणि तिथून एका दमात खेचा. सुरू झाला की चोक हळूहळू आत. दोन मिनिटं गरम होऊ द्या, मग चेंजओव्हर जनरेटरवर, मग एकेक एमसीबी. मोटर सगळ्यात आधी, बाकीचं बंद असताना. मल्टिमीटर लावून बघा, मोटर उचलताना व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन एक-दोन सेकंदात २२० च्या वर आलं पाहिजे. येत नसेल तर मशीन लहान पडतंय, तेव्हाच बदलून मागा, नंतर कोणी ऐकत नाही. बंद करताना क्रम उलटा: आधी एमसीबी खाली, दोन मिनिटं रिकामा चालू द्या, मग बंद.

हा क्रम मोठ्या अक्षरात मराठीत लिहून चेंजओव्हरच्या शेजारी चिकटवा, खाली इलेक्ट्रिशियनचा नंबर आणि महावितरणचा १९१२. आणि घरातल्या अजून एका माणसाकडून, आई असो, सूनबाई असो, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू असो, त्याच दिवशी सगळं एकदा करून घ्या, कारण लाईट जाईल तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही.